दाराजवळची जागा

टेबलाखालून ओवीचा हात बाहेर आला आणि तिनं शशिकांतच्या पायजम्याचं टोक धरून ओढलं.

"बाबा, कम ऑन! एव्हाना तू मेलास."

श्रुती आधीच टेबलाखाली शिरली होती. गुडघे पोटाशी, एक हात मानेवर, दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरलेला. गुरुवारी शाळेत भूकंपाचा सराव होता आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा तो करून पाहायचा, असं बाईंनी सांगितलं होतं. वर टेबलावर रविवारचे पोहे निवत होते.

खालून तिला शशिकांतची फक्त पावलं दिसत होती. उजव्या पायाची बोटं त्यानं कार्पेटमध्ये रुतवली होती. मग त्याचे गुडघे वाकले, एक तळवा खाली टेकला आणि टेबलाच्या कडेखाली त्याचा चेहरा आला. श्रुतीनं ओवीला जवळ ओढून त्याच्यासाठी जागा केली. तो त्या जागेकडे पाहत राहिला. त्याच्या ओठांवर घाम आला होता.

"गाडीत काहीतरी राहिलंय," तो म्हणाला आणि उठला. पावलं गराजच्या दाराकडे गेली.

"सो वीअर्ड," ओवी म्हणाली. "अर्थक्वेक्स तर त्याचा जॉब आहे."

ते खरंच होतं. मोठ्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या मधल्या भागाला कुंपण घातलेलं असताना शशिकांत इथं शिकायला आला आणि मग इथलाच झाला. जुन्या दगडविटांच्या इमारती पाडायच्या की सावरायच्या, हे ठरवण्याचं त्याचं काम. सगळ्यांनी आशा सोडलेल्या एका दुकानाच्या जमिनीखाली तो पोटावर सरपटत गेला होता, एकटा, हातात टॉर्च घेऊन. बाहेर आला तो नखशिखांत धुळीनं माखलेला, आणि म्हणाला, ही वाचेल. तिथं आता बेकरी आहे. त्याच्या साहेबानं हे श्रुतीला नाताळच्या बार्बेक्यूत सांगितलं होतं, हातातली प्लेट बाजूला ठेवून. तुमचा नवरा आत गेल्याशिवाय आम्ही कशावरच सही करत नाही, असंही तो म्हणाला होता. तेव्हा श्रुतीला इतका अभिमान वाटला होता की तिनं उगाचच दुसरीकडे पाहिलं होतं.

असा माणूस स्वतःच्या जेवणाच्या टेबलाखाली बसू शकला नाही.

तिला अंदाज नव्हता असं नाही. शशिकांतचे आईवडील किल्लारीच्या भूकंपात गेले, त्याला काकांनी ढिगाऱ्यातून काढलं, तिथल्या बऱ्याच पोरांबरोबर तो पुण्याच्या वसतिगृहात वाढला, हे लग्न ठरतानाच तिच्या घरी सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. त्यानं ते एका दमात सांगितलं होतं आणि त्यानंतर कधीही नाही. न विचारणं हीच त्याची काळजी घेणं आहे, अशी श्रुतीनं स्वतःची समजूत घातली होती.

सोमवारी ओवीच्या बाईंची, मिसेस हेनारेंची, ईमेल आली. ओवी सांगते तिचे बाबा भूकंपाचे तज्ज्ञ आहेत. सरावानंतर मुलांशी थोडं बोलायला येतील का?

"साइटवर आहेस असं कळवते," श्रुती म्हणाली.

शशिकांत भांडी विसळत होता. त्यानं नळ बंद केला.

"नको. येतो म्हणून कळव."

बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. तिला तासभर निघता येईल का, असं विचारत होता. आपल्या कामावर ये असं त्यानं तिला कधी म्हटलं नव्हतं. घरून चालणाऱ्या तिच्या मीटिंगा तिनं पुढे ढकलल्या आणि हॉर्नबीतल्या घरून निघून गाडी टेकड्यांच्या पायथ्याशी नेली. तिथं एक लहानसं दगडी चर्च होतं. चहूबाजूंनी परांच्या बांधलेल्या. कामगार जेवायला गेले होते. शशिकांतनं तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, केशरी जाकीट घालायला दिलं आणि तिला आत नेलं.

आत गार होतं. भिंतींना जागोजागी पोलादी सळया घालून त्या आतून शिवल्या जात होत्या. शशिकांतनं तिचा हात धरून तिचा तळवा दगडावर ठेवला.

"आमच्या घराच्या भिंती अशाच होत्या. याहून रुंद. मातीत बसवलेले दगड, आणि वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर आणखी माती टाकायची. सगळं गाव टाकायचं."

"हं."

"श्रुती, मला बहीण होती."

तिनं तळवा भिंतीवरून काढला नाही.

"मोठी. मी अक्का म्हणायचो. ओवीपेक्षा मोठी असेल, तेराची. काकांना मीच सांगितलं होतं, कुणापाशी तिचा विषय काढायचा नाही म्हणून. त्यांनी नाही काढला."

"नाव काय होतं?"

"प्रयाग."

त्यानं ते नाव जपून उच्चारलं. मग तो तिथल्याच एका फळीवर बसला आणि बोलू लागला. त्या रात्री ते गणपती बोळवून उशिरा घरी आले होते. ऐकता ऐकता श्रुती तिथंच अडली. दरवर्षी अनंत चतुर्दशीला शशिकांत काहीतरी काम काढून शहराबाहेर जायचा. इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक चेष्टा करायचे. तीही दोनतीनदा चिडली होती.

"जाग आली तर समदा अंधार. तोंडात माती. आन् अक्का माझ्या अंगावर. भिंतीसंगट माझ्यावर पडली व्हती ती. हलता येईना. तिची हनुवटी हितं, माझ्या टाळूवर. मी तिला ढकलू लागलो. ऊठ की, ऊठ की म्हणायलो. ती म्हणली, उगं ऱ्हा शशा, हलू नगंस. माती जाती डोळ्यात. मग बोलायची थांबली. मी ढकलतच व्हतो."

वसतिगृहानं इस्त्री केलेली त्याची भाषा कधी सुटून गेली, ते त्यालाही कळलं नसावं. श्रुतीनं ही बोली त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

बाहेर कुणीतरी ट्रकचं दार आपटलं.

"एकटा असलो की मी कुठंही शिरतो," तो पुन्हा नेहमीच्या भाषेत म्हणाला. "काही होत नाही मला. पण अंगाला अंग लागून कुणी असलं, आणि वर छत... रविवारी तुम्ही दोघी खाली होतात ना."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? पोरीला छातीशी धरायची भीती वाटते म्हणून?"

ओवी तान्ही असताना तो तिला घेऊन सारखा फेऱ्या मारायचा. दिवाणखाना, पॅसेज, स्वयंपाकघर. कधी तिला छातीवर घेऊन आडवा झाला नाही. श्रुती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमच्याकडे बाबा खांद्यावर घेऊन चालतो म्हणून मुलगी झोपते. मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या.

श्रुती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली पिळला गेला होता, तो तिनं सरळ केला. तिला त्याचा रागही आला होता. त्या रागाचं काय करावं हे तिला कळेना.

"उद्या नाही गेलास तरी चालेल."

"जातो. इमारती कशा उभ्या राहतात ते सांगायचंय. तेवढं येतं मला."

गुरुवारी घंटा वाजली आणि सगळा वर्ग क्षणात बाकांखाली गेला. शशिकांत खिडकीपाशी उभा होता. श्रुती मागच्या बाजूला, मुलांची दप्तरं टांगायच्या खुंट्यांजवळ. त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून ती पाहत राहिली. ओवी तिच्या मैत्रिणीला, जुईला, चिकटून बाकाखाली बसली होती आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.

मग मुलं गालिच्यावर येऊन बसली आणि शशिकांत बोलू लागला. सगळं इंग्रजीत, सोपं. त्यानं वर्गातली पुस्तकं एकावर एक रचून भिंत केली आणि टेबल हलवलं. भिंत कोसळली. मुलं आनंदानं ओरडली. मग त्यानं तीच पुस्तकं रबरबँडांनी बांधली आणि एका मुलाला म्हणाला, आता तू हलव, हवं तेवढं. मुलानं जीव खाऊन टेबल हलवलं. पुस्तकं डुलली, वाकली, पडली नाहीत. "बस, मी दिवसभर हेच करतो," शशिकांत म्हणाला. "रबरबँड लावतो." मिसेस हेनारे मुलांइतक्याच खुशीत हसल्या. श्रुतीचे खांदे सैल झाले.

"तुम्ही खऱ्या भूकंपात होता कधी?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"हो. तुमच्याएवढा असताना."

"भारतात?"

"भारतात."

"मग तुमची खोली काढून दाखवा!"

श्रुतीला आधी कळलं नाही. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. सगळ्या मुलांनी आपापल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढून लावलं होतं. पलंग, खिडकी, कपाट, दार. भूकंप आला तर कुठं जायचं, ते हिरव्या बाणानं दाखवलेलं.

"तुम्हाला नको असेल तर..." मिसेस हेनारे पुढे झाल्या.

पण शशिकांतनं फळ्याजवळचा मार्कर उचलला होता.

आयुष्यभर नकाशे काढलेला त्याचा हात. भिंतींच्या जोडरेघा भराभर उमटल्या, इतक्या रुंद की मुलांनी विचारलं, हा रस्ता आहे का? भिंत आहे, तो म्हणाला. मग आतली खोली. इथं माझे आईबाबा. बाहेरची खोली. लाकडी खांब, दोन. मागच्या भिंतीशी एक मोठं वर्तुळ.

"दॅट्स अ ट्रॅम्पोलिन," कुणीतरी म्हणालं.

"कणगी. धान्य साठवायची मोठी टोपली."

"झोपायच्या खोलीत?"

"हो. आणि तिच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात, मी." त्यानं एक लहान चौकोन काढला. "मला तिथंच झोप यायची. आणि ही माझी बहीण."

दुसरा चौकोन त्यानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला काढला.

"ती इतक्या लांब का?"

"तिला उकडायचं. दाराच्या फटीतून वारा यायचा ना, म्हणून ती दाराजवळ झोपायची."

बोलता बोलता त्यानं दार काढलं. तिच्या चौकोनाला लागूनच.

"ती बाहेर पडली?" रबरबँडांची भिंत हलवणाऱ्या मुलानं विचारलं.

मिसेस हेनारेंनी श्रुतीकडे पाहिलं.

"नाही," शशिकांत म्हणाला.

"पण ती तर दारातच आहे."

"आम्ही दोघं इथं सापडलो." त्यानं कणगीपलीकडच्या कोपऱ्यावर मार्कर टेकवला. मग भिंतीवरच्या चित्रांत होतं तसं दाखवावं म्हणून तो पुन्हा दाराशी गेला, तिच्या चौकोनापासून रेघ ओढत दोन्ही खांबांमधून, कणगीला वळसा घालून, स्वतःच्या चौकोनापर्यंत आला आणि सवयीनं रेघेच्या टोकाला बाण काढला.

त्याचा हात तिथंच थांबला.

"ती चुकीच्या बाजूला गेली," तो मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती. महिनाभर तो हेच तर शिकत होता.

शशिकांतची पाठ वर्गाकडे होती. श्रुतीला त्याचा शर्ट दिसत होता, दोन खांद्यांच्या मधे ओला होत गेलेला. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. तो फळ्याकडे बघत होता, त्या दाराकडे, आणि तिथून निघालेल्या त्या एका रेघेकडे. इमारतीत शिरण्याआधी जसा उभा राहून बघायचा, तसा.

मग तो वळला. मुलांच्या डोक्यांवरून त्यानं थेट श्रुतीकडे पाहिलं.

"पडली नव्हती गं ती," तो मराठीत म्हणाला. "आली होती."

वर्गाला ते कळलं नाही. गालिच्यावर जुईशेजारी बसलेल्या ओवीनं मात्र मान वर केली. तिनं बाबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फळ्याकडे.

शशिकांत त्या मुलासमोर खाली बसला.

"चुकली नाही ती," तो हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला. "तिला दार माहीत होतं. पण मी झोपलेलो होतो आणि लहान होतो, म्हणून ती आत आली. माझं डोकं आणि मान तिनं स्वतःखाली झाकून घेतली. तुम्ही आज केलंत ना, तसंच. तुम्हाला तुमच्या बाईंनी शिकवलं. तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं."

मुलगा विचारात पडला. बाण पुन्हा एकदा नजरेनं दारापासून शेवटपर्यंत तपासून आला.

"दॅट्स हीप्स ब्रेव्ह," तो म्हणाला. हीप्स, म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत खूपच.

"हो. हीप्स."

"त्यांचं नाव आम्हाला सांगाल?" मिसेस हेनारेंनी विचारलं. "आम्हा माओरींकडे गेलेल्यांना नावानं बोलावतात."

"प्रयाग."

सगळ्या वर्गानं ते नाव म्हणून पाहिलं. कुणाला 'प्र' जमला नाही, कुणी 'ग' गिळला. ओवी गुडघ्यांवर उभी राहून दुरुस्त करत होती, "नो, नो, प्र-याऽग," आणि ती स्वतः हे नाव आयुष्यात पहिल्यांदाच घेत होती.

"किया ओरा, प्रयाग," मिसेस हेनारे फळ्याकडे वळून म्हणाल्या, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. मुलं त्यांच्यामागून म्हणाली.

मधल्या सुट्टीत ओवी त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली. बाहेर लखलखीत ऊन होतं आणि वारा होता. शशिकांतची पावलं मोकळी पडत होती. श्रुती त्याच्या मागून येत होती. तिला त्याला काही विचारायचं नव्हतं. तेरा वर्षांची ती मुलगी अंधारात, कोसळत्या घरात, दोन खांबांच्या मधून आत धावताना तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आपण त्या मुलीच्या घरात सून म्हणून गेलो आहोत, हे तिला आत्ता कळत होतं.

"बाबा," ओवी म्हणाली. "युअर सिस्टर... म्हणजे शी इज माय आत्या?"

"हो."

"म्हणजे मला आत्या आहे."

शशिकांतनं एकदा श्रुतीकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला.

ओवी काही वेळ फाटकाच्या कडीशी खेळत राहिली.

"जुईच्या बेबी ब्रदरचं नेम थिंग झालं ना, तेव्हा तिची आत्या आली होती. ऑल द वे फ्रॉम पामर्स्टन नॉर्थ. तिनं त्याच्या कानात नाव सांगितलं अँड मग सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. इट हॅज टू बी द आत्या. माझ्या कानात कुणी सांगितलं?"

"निशिगंधामावशीनं," श्रुती म्हणाली. "तुझी आत्या इथं नव्हती ना, म्हणून."

"दॅट्स नॉट द सेम," ओवी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. जे आहे ते.

शशिकांत फूटपाथवर उकिडवा बसला. त्यानं ओवीला जवळ ओढलं, आणखी जवळ, तिचं डोकं त्याच्या गळ्याशी येईपर्यंत, आणि दोन्ही हातांनी तिला पाठीमागून वेढून घेतलं. तो तसाच राहिला. श्रुती त्याच्या हातांकडे पाहत होती. ते सुटले नाहीत. मग त्यानं ओवीच्या केसांची बट बाजूला सारली आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

"बाबा, स्टॉप! गुदगुल्या होतात!" ओवी खांदा उडवून हसली. "आणि कुर्र काय? अँड दॅट्स जस्ट माय नेम! मला माहितीये ते!"

श्रुतीनं एक पाऊल पुढे टाकलं आणि शशिकांतच्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला.